ग्लोव्हमधला आवाज

आवाज आलाच नाही. धावणाऱ्याचा बूट पहिल्या बेसच्या पांढऱ्या गादीवर पडलेला बेसबॉलचा अंपायर एमिल ह्रुश्काने पाहिला, बुटाच्या कडेने उडालेली तांबडी धूळसुद्धा पाहिली. पण त्याच्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबरीने जो आवाज यायला हवा होता, चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये शिरल्याचा तो जाड, चामडी 'थप्प', तो आला नाही. आवाज नाही म्हणजे चेंडू अजून वाटेत आहे, चेंडू वाटेत आहे म्हणजे पाय आधी पोचला, आणि पाय आधी पोचला म्हणजे धावणारा सुटला. हे सगळं त्याच्या डोक्यात विचार म्हणून येत नसे. अर्ध्या आयुष्यात त्याचा विचार कधीच संपून गेला होता. त्याने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. हात पसरलेले असतानाच त्याची नजर वर गेली आणि चेंडू ग्लोव्हमध्ये दिसला. नुकताच आल्यासारखा नव्हता दिसत. भाडं भरून राहणाऱ्या माणसासारखा ऐसपैस बसला होता. पहिल्या बेसवरचा एस्तेबान, सान पेद्रोहून आलेला उंच, शांत गडी, अंपायरला चेंडू दाखवायचा नसतो एवढी रीत पाळून दुसरीकडेच बघत म्हणाला, "एमिल, दुपारचं जेवण झाल्यापासून हा माझ्याकडेच आहे."

मग पिट्सबर्गचा मॅनेजर रस्टी बाउमगार्टन बाहेर आला, आणि एमिलला खरं तर तिथेच कसंतरी झालं, कारण रस्टी चालत आला. याच रस्टीने एका वर्षी सेंट लुईसला याच कारणावरून बेसची गादी जमिनीतून उपटून काढली होती, ती काखेत मारून सरळ घरी निघाला होता, आणि जाता जाता एमिलच्या आईबद्दल असं काही बोलला होता की ती बिचारी तेव्हा जिवंत असती तर तिला त्यातलं निम्मं समजावून सांगावं लागलं असतं. आता तोच रस्टी देवळात उशिरा पोचलेल्या माणसासारखा हळूहळू पावलं टाकत आला. यंदापासून नियमच तसा झाला होता. मॅनेजरने बाहेर यायचं, अंपायरशी काहीतरी बोलत राहायचं, आणि तेवढ्यात आत बसलेला त्याचा माणूस टीव्हीवर तो क्षण पुन्हा बघून खुणेने सांगणार, माग दाद किंवा नको मागू. तोपर्यंत वेळ काढायचा. रस्टीने विचारलं, उकडतंय नाही. एमिल म्हणाला, जून आहे. रस्टीने विचारलं, तुझा म्हातारा बाप कसा आहे, अजून त्या टेकडीवरच्या घरातच राहतो का. एमिल म्हणाला, तिथेच. बोलताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, दोघंही आतल्या माणसाकडे बघत होते. त्या माणसाने अंगठा वर केला. रस्टी अगदी अजिजीने म्हणाला, "मग बघून घेऊ या का एकदा?" आणि बघून घेतलं. मैदानाच्या कडेला एका नोकराने कानाला लावायची यंत्रं आणली, एक एमिलला, एक त्याच्याच चमूतल्या कर्टिस पेलला. न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत, जिथे खेळाचा आवाज पोचत नाही फक्त चित्र पोचतं, तिथे त्यांच्यासारखाच कुणीतरी अंपायर पडद्यावर तो बूट आणि तो ग्लोव्ह पुढेमागे सरकवत बसला होता. निकाल उजव्या कानात स्पष्ट आला. आऊट. एमिलने मूठ वर केली. स्टेडियम आनंदाने ओरडलं. धावणारा खांदे उडवून परत गेला. कुणी रागावलं नाही.

या महिन्यातली ही तिसरी. तीन चुका म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. माणूस चुकतो, हे तर गेल्या हिवाळ्यात अंपायरांच्या सभेत एमिलनेच सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. हॉटेलच्या त्या हॉलमध्ये कॉफी गार होती आणि वाद गरम. तरुणांचं म्हणणं, घराघरात लोकांना खरं काय ते दिसतं, फक्त मैदानावरच्या चार माणसांना दिसत नाही, हे किती दिवस चालवायचं. जुन्यांचं म्हणणं, शंभर वर्षं चाललंच की. कर्टिस, ज्याला एमिलने स्वतः हाताखाली घेऊन शिकवलं होतं, उभा राहून म्हणाला होता की चूक दुरुस्त करता येत असताना ती तशीच ठेवणं याला परंपरा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. मग एमिल उठला. तो म्हणाला की खेळ माणसांचा आहे, चुकासुद्धा माणसांच्याच असू देत. आणि शेवटी खाली बसता बसता, कसं सुचलं कोण जाणे, म्हणाला की यंत्राला शंभर डोळे असतील, पण यंत्राला कान नाही. सभेने उठून टाळ्या वाजवल्या. ते वाक्य दोन-तीन वर्तमानपत्रांत आलं. टाळ्या वाजत असताना आपल्याला त्या उजवीकडूनच जास्त ऐकू येत आहेत हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि डावीकडच्या लोकांना आपलं म्हणणं तितकंसं पटलेलं दिसत नाही अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

कान. फ्लोरिडातल्या अंपायरांच्या शाळेत, जिथे सकाळभर वीस-पंचवीस पोरं उन्हात ओळीने उभी राहून हवेला आऊट देत असत, म्हातारा वेंडेल ग्राइम्स सगळ्यांत आधी हेच शिकवायचा. पहिल्या बेसवर माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या असतात, पाय आणि चेंडू, आणि देवाने डोळे दोन दिले असले तरी ते दोन्ही एकाच गोष्टीकडे बघतात. म्हणून डोळा गादीवर ठेवायचा आणि कान ग्लोव्हवर. पाय बघायचा, चेंडू ऐकायचा. आधी 'थप्प' की आधी पाय, एवढंच. वेंडेल पोरांना डोळे बांधून उभं करायचा आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडला की हात वर करायला लावायचा. एमिल त्यात सगळ्यांच्या पुढे होता. वेंडेल त्याला म्हणाला होता, तुझ्या घरी कुणी घड्याळवाला होता काय रे. एमिल म्हणाला होता, नाही, घरी बहिरा आहे. सगळे हसले होते. खरंच होतं ते. बाप मोनोंगहेला नदीच्या काठी पोलादाच्या गिरणीत काम करून बहिरा झालेला, म्हणून घरात कुठलाही आवाज फुकट जात असे. दार वाजलं, दूध उतू गेलं, आई माडीवरून हाका मारतेय, सगळं एमिलला ऐकावं लागे आणि बापाला खुणेने सांगावं लागे. कानाचं काम त्या घरात त्याने एकट्यानेच केलं होतं.

पुढच्या दोन डावांत पहिल्या बेसवर काही घडलं नाही, नुसतं ऊन होतं, आणि उभ्या उभ्या एमिलला तो विचार आला जो यायला नको होता. त्या तीनही चुका एकाच बाजूच्या होत्या. तिन्ही वेळा त्याने सेफ दिलं होतं आणि तिन्ही वेळा न्यूयॉर्कने आऊट केलं होतं. चुकणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या चुका इकडे तिकडे विखुरतात. कधी याला झुकतं माप, कधी त्याला. वर्षाच्या शेवटी सगळ्यांच्या शिव्या सारख्या भरतात. एकाच बाजूला कलणाऱ्या चुका दोघांच्याच. एक, पैसे खाणाऱ्याच्या. दुसरा कोण ते त्याने लगेच मनात म्हटलं नाही. त्याने टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. आवाज उशिरा येतो, किंवा येतच नाही, म्हणून चेंडू उशिरा आल्यासारखा वाटतो, म्हणून हात पसरतात. इतकं साधं. गेल्या हंगामाच्या शेवटी ह्यूस्टनला फलंदाजाच्या मागे उभा असताना बॅटची कड घेऊन आलेला एक चेंडू मुखवट्याच्या डाव्या बाजूवर बसला होता, नंतर आठवडाभर डोक्यात दुरून कुठेतरी किटली उकळत असल्यासारखं वाजत राहिलं, मग किटली कुणीतरी खाली उतरवली आणि त्या बाजूला नुसती भिंत राहिली. गेल्या फेब्रुवारीत वर्षाची तपासणी झाली तेव्हा काचेपलीकडची नर्स बटण दाबताना तिचा खांदा जरासा हलतो हे त्याला दिसलं. खांदा हलला की तो बोट वर करायचा. शंभर टक्के पास झाला. नर्स म्हणाली होती, तुमच्या वयाला हे नवलच. त्यालाही नवल वाटलं होतं, पण थोडं वेगळं.

सातव्या डावात पुन्हा तसाच चेंडू आला, आणि या वेळी त्याने वेंडेलचं शिकवणं मोडलं, डोळा गादीवरून उचलून ग्लोव्हवर नेला. चेंडू शिरताना त्याला अगदी स्वच्छ दिसला. पाय दिसला नाही. पाय कुठे होता, होता की नव्हता, देव जाणे. त्याने मूठ वर केली. आऊट. पाहुण्यांचा मॅनेजर सावकाश बाहेर आला, हवेबद्दल बोलला, आणि त्याच्या आतल्या माणसाने मान हलवली, नको. मॅनेजर परत गेला. म्हणजे आपलं बरोबर होतं, हे एमिलला कळलं. इतर सगळ्यांना कळलं तसंच त्यालाही कळलं, त्या माणसाच्या मानेवरून. निर्णय द्यायचा आणि मग तो बरोबर होता का हे बघायला वळायचं, परीक्षेच्या निकालाला गेलेल्या पोरासारखं, हे आपण कधीपासून करायला लागलो, असा विचार करत तो उरलेला खेळ उभा राहिला. सामना संपल्यावर कपडे बदलताना कर्टिसने त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, बॉस, मनाला लावून घेऊ नका, शेवटी बरोबरच झालं ना. आणि तेच तर. शेवटी बरोबरच झालं होतं. शेवटी सगळंच बरोबर होत होतं.

नदी ओलांडून टॅक्सी टेकडी चढायला लागली तशी त्याला गॅब्रिशची आठवण झाली. गॅब्रिश खाटीक, बापाच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा. एका ऑक्टोबरात एमिलने दिलेल्या सेफमुळे गावाची टीम पुढे जायची राहिली, असं गॅब्रिशचं मत होतं, आणि त्याने एमिलच्या बहिणीला, डोडीला, सॉसेज द्यायचं बंद केलं. डोडी दारात गेली की म्हणायचा, तुझ्या भावाला विचार, दिलं की नाही दिलं, त्याला दिसेल तसं. ईस्टरला, नाताळला, आईच्या मयताच्या जेवणाला डोडी पार खालच्या बाजारातून मांस आणायची. पाच-सहा वर्षं चाललं ते. मग एका हिवाळ्यात एमिल घरी आला होता तेव्हा गॅब्रिश स्वतः टेकडी चढून दारात आला, बर्फात उभा राहिला, कागदात बांधलेलं सॉसेज पुढे केलं आणि म्हणाला, अजून मला वाटतं तू चुकलासच. एमिल म्हणाला, मलाही कधी कधी वाटतं. दोघांनी स्वयंपाकघरात बसून एकेक घोट घेतला. आता तसं काही व्हायचं नाही. आता गॅब्रिश रागावायच्या आतच दोन मिनिटांत सगळं दुरुस्त होतं, आणि ज्याच्यावर कुणी रागावलंच नाही त्याच्या दारात सॉसेज घेऊन कोण येणार. यंत्राने चूक नेली ती नेली, चुकीच्या मागून जे यायचं तेही नेलं. हे सभेत सांगायला हवं होतं. कानाचं वाक्य टाळ्यांसाठी बरं होतं, पण सांगायचं हे होतं.

आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, ते त्याला कुठल्याच सभेत सांगता आलं नसतं. पूर्वीचे दिवस असते तर एका कानाच्या अंपायरला महिनाभरात लोकांनी हाकललं असतं. आता तो आणखी दहा वर्षं उभा राहू शकत होता. न्यूयॉर्कच्या ज्या खोलीविरुद्ध तो बोलला होता तीच त्याला सांभाळून घेत होती, गुपचूप, दर वेळी, एखाद्या शहाण्या बायकोने भर पंगतीत नवऱ्याचं चुकलेलं सावरून घ्यावं तशी. तो चुकेल, ती दुरुस्त करेल, रस्टी हवेबद्दल बोलेल. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हे सुख आहे की काय आहे, हे त्याला कळेना. टॅक्सीवाला काहीतरी बोलला, डावीकडून. एमिलने मान वळवली आणि हो म्हटलं. टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे आरशातून विचित्र नजरेने पाहिलं, म्हणजे प्रश्न हो म्हणण्याजोगा नसावा.

बाप, आंद्रेय ह्रुश्का, शहाऐंशी वर्षांचा, नेहमीच्या खुर्चीत टीव्हीसमोर होता. टीव्हीचा आवाज बंद. त्या घरात टीव्ही बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. डोडीलासुद्धा इतकी सवय झाली होती की ती ओठांवरून बातम्या वाचायची. एमिल आला की बाप नेहमी एकच विचारायचा, जेवलास का. एमिल अंपायर झाल्यापासून म्हाताऱ्याने त्याचा प्रत्येक सामना बघितला होता आणि एकदाही, चुकूनही, तुझं बरोबर होतं किंवा चुकलं होतं असं तो म्हणाला नव्हता. सगळा देश म्हणायचा, गॅब्रिश म्हणायचा, बाप नाही. एमिल नवखा होता तेव्हा त्याला हा मायेचा भाग वाटायचा. पुढे तो ताटकळायला लागला. आणि नंतर त्याने वाट बघणं सोडून दिलं. डोडीने कोबी आणि नूडल्स लोण्यात परतून आणल्या, वर भरपूर मिरी. आजही म्हाताऱ्याने जेवलास का विचारलं, काटा बाजूला ठेवला, आणि बहिऱ्या माणसांचा घरात आणि गिरणीत बोलण्याचा एकच सूर असतो त्या सुरात म्हणाला, "तू मान वळवतोस."

एमिलने त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून विचारलं, कधी.

"एप्रिलपासून. चेंडू यायच्या वेळेला. उजवा कान पुढे करतोस. आधी नव्हतास करत." म्हाताऱ्याने स्वतःची मान वळवून दाखवली, आणि ती इतकी हुबेहूब होती की डोडी हसली आणि मग हसायची थांबली. "माझ्या टीव्हीला आवाज नाही एमिल्को. मी चेंडू बघत नाही. तुलाच बघतो."

एमिल म्हणाला, थोडं कमी ऐकू येतं, डावीकडून.

"थोडं नाही," बाप म्हणाला. "थोडं असतं तर माणूस कान पुढे नाही करत. थोडं असतं तर माणूस नुसता चिडतो."

मग त्याने ती गोष्ट सांगितली. घरात ती सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक होती. पूर्ण कधी कुणी सांगितली नव्हती. गिरणीत तो क्रेनखाली हुक लावायचं काम करायचा. वर क्रेनवाला घंटा वाजवायचा, घंटा वाजली की खालच्यांनी बाजूला व्हायचं. घंटा ऐकू यायची थांबली तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की हातात झाडू येतो आणि पगार निम्मा होतो, आणि घरात दोन पोरं. त्याने घंटेऐवजी क्रेनची सावली बघायला सुरुवात केली. छपराच्या काचांतून ऊन आत यायचं, सावली आधी सरकायची, मग लोखंड. घंटेपेक्षा सावली बरी, असंच त्याला वाटायला लागलं. घंटा वाजवायला क्रेनवाला कधी विसरायचा, सावली विसरत नाही. सगळे म्हणायचे, ह्रुश्काला कसं काय आधीच कळतं. मग एक दिवस ढग आले. त्याच्याशेजारी युरको बालाज काम करत होता, जो ह्रुश्का हलला की हलायचा, कारण ह्रुश्काला आधी कळतं. युरकोचा पाय गुडघ्याखाली गेला. म्हातारा म्हणाला, ढगांचा मी विचारच केला नव्हता. एवढं म्हणून त्याने पुन्हा काटा उचलला आणि कोबी खाल्ला, चांगला सावकाश चावून.

एमिलला वाटलं आता तो म्हणणार, म्हणून सोड. सगळी गोष्ट त्यासाठीच चालली होती. आणि तो तयार होता, त्याला जरासा हलकेपणाही वाटायला लागला होता, कारण बापाने सांगितलं म्हणून सोडणं हे एका अर्थी सोडणंच नव्हे. पण म्हातारा म्हणाला, "तू कशाला सोडतोस? तुझ्या चुकीने कुणाचा पाय जात नाही. आमच्याकडे पुन्हा बघायला कुणी नव्हतं. तुझ्याकडे न्यूयॉर्क बसलंय. राहा गुमान." आणि डोडीनेही मान डोलावली, तातो, म्हणजे बाबा, बरोबर बोलतायत म्हणाली, पेन्शन पूर्ण होऊ दे, मग बघ. दोघांचंही खरं होतं. कुणाचा पाय जात नाही. आयुष्यभर, उन्हात, पावसात, आईच्या नावाने शिव्या खात, त्याने जे केलं ते अशा जागी करून ठेवलं गेलं होतं की ते चुकीचं असलं तरी चालत होतं. युरकोच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची चूक निदान चूक तरी होती.

त्याने ताट सरकवलं आणि डोडीला म्हणाला, तळघरातला तातोचा ग्लोव्ह काढ. डोडीने विचारलं, आत्ता? तो म्हणाला, अजून ऊन आहे. जूनमध्ये तिथे ऊन उशिरापर्यंत टेकडीवर रेंगाळतं. ग्लोव्ह गिरणीच्या टीमचा होता, कधीकाळचा, वाळून ढोलकीच्या कातड्यासारखा झालेला. परसाची जमीन उतरती. खालच्या टोकाला कुंपण, पलीकडे शेजाऱ्याचं कुत्रं. ग्लोव्ह मी घालतो, असं म्हातारा म्हणाला आणि कुणाचं ऐकेना, जे त्याला सोपं होतं. डोडी एके काळी चर्चच्या सॉफ्टबॉल टीममध्ये चेंडू टाकायची, साठीला आली तरी खांदा शाबूत होता, पण बापावर जोरात चेंडू टाकायला तिचा हात होईना. म्हातारा म्हणाला, "फेक गं. लोखंड झेललंय मी." एमिल मैदानावर उभा राहतो तसा उभा राहिला, हात गुडघ्यांवर, डावी बाजू ग्लोव्हकडे, आणि त्याने डोळे मिटले. वेंडेलच्या शाळेतलं ते ऊन त्याला पापण्यांवर जाणवलं. तोच लाल अंधार, तेच गवत. त्याने ठरवलं होतं, ऐकू आलं की मूठ वर करायची. मान वळवायची नाही.

तो वाट बघत राहिला. दूर खाली नदीवरच्या मालगाडीचा आवाज उजव्या कानात येत होता, कुत्र्याच्या साखळीचा येत होता. डोडी अजून हात तोलत असणार. ती लहानपणापासून तशीच, दहा वेळा हात फिरवणार आणि मग टाकणार. तो म्हणाला, फेक ना. काही झालं नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, डोडी, फेक ना, हात दुखायला लागले माझे. कुणी उत्तर दिलं नाही, आणि बहिऱ्या बापाने ते द्यावं अशी अपेक्षाही नव्हती, पण डोडीने का देऊ नये. त्याने डोळे उघडले. डोडी पायरीवर उभी होती, दोन्ही हात रिकामे, एक हात तोंडावर. म्हाताऱ्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू होता. म्हातारा पोराच्या मुठीकडे बघत होता, अजूनही, जणू ती उशिरा का होईना वर जाईल. त्याचा ग्लोव्हमधला तळवा झिणझिणत असणार, तो बोटं आतल्या आत हलवत होता. "कितीदा टाकला?" एमिलने विचारलं. डोडी म्हणाली, "तीनदा." आणि मग तिने ते पुन्हा त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून सांगितलं, बापाला सांगायची तसं.

परसातल्या पंपाशी उभं राहून त्याने मर्ल ऑस्ट्रँडरला फोन लावला, उजव्या कानाला. मर्ल अंपायरांचा मुख्य, न्यूयॉर्कला बसायचा, रविवारी घरी असायचा आणि फोन आल्याचं त्याला आवडायचं नाही. एमिलने सांगितलं, डावा कान गेला आहे, बहुतेक पूर्ण, या महिन्यातल्या तीन चुका त्याच्याच आहेत, आधीच्या किती असतील माहीत नाही. मर्ल समजुतीने बोलला. अरे बाबा, म्हणाला, इथे कुणाची तक्रार नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. एखादं यंत्र बसवून घे कानात. हंगाम संपू दे, हिवाळ्यात बसू, बोलू. "आणि ते तिन्ही दुरुस्त झालेत की, एमिल. आमच्याकडे बरोबरच लागलेत."

"हो," एमिल म्हणाला. "म्हणूनच फोन केला."

मर्लला ते कळलं नाही, आणि समजावून सांगायचं तर गॅब्रिशपासून सुरुवात करावी लागली असती. एमिल म्हणाला की उद्याच्या सामन्याला दुसरा माणूस पाठव, कोलंबसला एक चांगली मुलगी आहे खालच्या लीगमध्ये, ऐकते छान. मर्ल म्हणाला, उद्यासाठी आता कुठून. एमिल म्हणाला, तीन तासांचा रस्ता आहे. मग मर्लने विचारलं, नक्की? पुन्हा एकदा विचार कर. आणि एमिलला जरा हसू आलं, कारण हे शेवटी त्यालाही विचारलं गेलं होतं, मग बघून घेऊ या का एकदा. तो म्हणाला, नको. हाच निर्णय.

तो परत वर आला तेव्हा म्हातारा ग्लोव्ह घालून तिथेच उभा होता. फोनवर काय झालं ते त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि पंपाशी एमिल त्याच्याकडे पाठ करून उभा होता. एमिलने त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, सोडलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी तर राहा म्हटलं होतं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, किंवा उलट काहीतरी. आवाज नसलेल्या चेहऱ्यावरून नक्की सांगता येत नाही. मग त्याने ग्लोव्ह छातीसमोर धरला आणि डोडीकडे मान केली. अजून एक.

या वेळी एमिलने डोळे उघडे ठेवले. बघायला गादी नव्हती, बूट नव्हता, धावणारं कुणी नव्हतं, फक्त तो वाळलेला ग्लोव्ह आणि त्यामागचा म्हातारा. डोडीचा हात फिरला. चेंडू संध्याकाळच्या उन्हातून आला, आणि शिरताना जुन्या चामड्यातून बारीक धूळ उडाली, आणि म्हाताऱ्याचा खांदा जरासा मागे गेला, आणि एमिलची मूठ वर होती. आधी नाही, नंतर नाही. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

म्हाताऱ्याने चेंडू काढून हातात धरला. "बरोबर," तो म्हणाला, गिरणीच्या त्या सुरात, आणि कुंपणापलीकडच्या कुत्र्याने मान वर केली.